उसाची ट्रॉली आणि चालकविरहित गाडी

मी लातूरची. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग करून आता पुण्यात चालकविरहित गाड्यांच्या ‘परसेप्शन’वर काम करते. कॅमेरा, रडार आणि लेझरनं अंतर मोजणाऱ्या लायडारला जे दिसतं त्याचा अर्थ गाडीला लावून द्यायचा, हे ते काम. गावाकडून फोन येतात, “ताई, यात यायचं तर कोणता कोर्स करू?” कोर्सचं सांगते, पण आधी उसाच्या ट्रॉलीचं ऐका.

शिकत असताना माझं मॉडेल, म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखणारा प्रोग्रॅम, सिटीस्केप्स या डेटासेटवर (नावं लावलेल्या चित्रांच्या संचावर) तयार केलेलं होतं. ५० शहरांतले रस्ते, बहुतेक जर्मनीतले, सगळं आखीव. गळीत हंगामात घरी गेले तेव्हा अंबाजोगाई रस्त्यावर भावाशेजारी बसून मोबाइलवर व्हिडिओ काढला. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. मॉडेल प्रत्येक वस्तूला तिच्या प्रकाराचा रंग देतं; मागच्या ट्रॉलीला त्यानं झाडीचा हिरवा रंग दिला. पुढच्या फ्रेमला ट्रक, मग पुन्हा झाडी. झाडी जागची हलत नाही असं धरूनच गाडी पुढचा मार्ग ठरवते. इथे ती रस्त्याच्या मधून चालली होती, आणि मागे लाल दिवासुद्धा नव्हता.

नाव असं बदलत राहिलं की काय होतं ते मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात दिसलं. रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला चाचणीतल्या गाडीनं कधी वाहन मानलं, कधी सायकल, कधी ‘इतर’. नाव बदललं की तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब सुटायचा, त्यामुळे ती कुठे निघालीय हे गाडीला कळलंच नाही. गाडीची धडक बसून ती बाई गेली. त्याचा चौकशी अहवाल जरूर वाचा.

दिसणं जमलं तरी पुढचं अवघडच. दिवाळीच्या सुमारास अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. आपण वेग कमी करतो, समोरच्याला दिवा देतो आणि उजवीकडून हळूच निघतो. नियमानं चालणारी गाडी तिथे उभी राहते. ट्रकचा उजवा इंडिकेटर कधी ‘मी वळतोय’ सांगतो, कधी ‘तू पुढे जा’.

आता कोर्सचं. पायथन, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता पक्कं करा. काल्मन फिल्टर, म्हणजे थोड्याफार चुकलेल्या मोजमापांवरून वस्तूची जागा आणि वेग काढायचं गणित, कागदावर सोडवून पाहा. संगणकावरच रस्ते आणि गाड्या उभ्या करणारा कार्ला सिम्युलेटर फुकट मिळतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट घ्या: सुमारे १०,००० चित्रं, वस्तूंचे ३४ वर्ग, त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत. मग आपल्या तालुक्याच्या रस्त्याचे दोनशे फोटो काढा, चेहरे आणि नंबरप्लेट झाका, आणि प्रत्येक वस्तूभोवतीच्या चौकटी स्वतः आखा. खरे प्रश्न तिथे पडतात. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या ही एक वस्तू की तीन? मी तीन चौकटी आणि तिघांना एकच क्रमांक असा नियम लिहिला, कारण वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते. लोंबणारा ऊसही चौकटीत धरायचा, आधी घासणार तोच. ती नियमांची वही मी पहिल्या मुलाखतीला नेली होती. पाऊण तास ट्रॉलीवरच बोलणं झालं.