विंडोचं क्लोज बटन कोडमधून बंद कसं करायचं (सी शार्प, विंडोज फॉर्म्स)

प्रोग्राम फाइल सेव्ह करत असतो आणि तेवढ्यात युजर कोपऱ्यातला क्रॉस दाबतो, मग फाइल अर्धवट. म्हणून हे बटन बंद करावं लागतं. बरेच जण सरळ कंट्रोलबॉक्स (टायटल बारवरची बटनं दाखवणारी फॉर्मची प्रॉपर्टी) फॉल्स करून टाकतात, पण त्यात मिनिमाइज-मॅक्सिमाइज पण जातं आणि आल्ट एफ४ दाबलं की विंडो तरीही बंद होतेच, त्यामुळे तो उपाय मला पटत नाही.

विंडो उघडल्यापासून शेवटपर्यंत बटन नकोच असेल तर फॉर्मच्या क्लासमध्ये क्रिएटपॅराम्स प्रॉपर्टी (विंडो कशी तयार व्हावी हे ठरवणारी) ओव्हरराइड करा, आधी बेसकडून पॅराम्स घ्या, त्याच्या क्लासस्टाइलमध्ये ५१२ (हेक्समध्ये २००, म्हणजे "क्लोज नको" ही स्टाइल) ऑर करून जोडा आणि तेच रिटर्न करा. क्रॉस ग्रे होतो, आल्ट एफ४ पण चालत नाही, आणि कोडमधून क्लोज कॉल केलं तर विंडो नीट बंद होते.

पण ही स्टाइल विंडो तयार होतानाच ठरते. मधेच चालू-बंद करायचं असेल तर विंडोजच्या युजर३२ डीएलएलमधून गेटसिस्टममेनू आणि एनेबलमेनूआयटम हे दोन फंक्शन डीएलएलइम्पोर्टने आणा, पहिल्याने मेनूचा हँडल घ्या, दुसऱ्याला क्लोजचा नंबर ६१५३६ द्या आणि ग्रे करायला १, परत चालू करायला ०. विंडो मिनिमाइज करून परत उघडली की बटन पुन्हा चालू झालेलं दिसू शकतं, म्हणून रिसाइझ इव्हेंटमध्ये पण हाच कॉल टाका.

खरं काम मात्र फॉर्मक्लोजिंग इव्हेंटमध्ये (विंडो बंद व्हायच्या आधी येतो तो) आहे, बटन ग्रे असो वा नसो हे करायलाच पाहिजे. मी सुरुवातीला तिथे डोळे झाकून कॅन्सल ट्रू (म्हणजे बंद होणं अडवा) केलं होतं आणि त्या प्रोग्राममुळे मशीन शटडाउनच होईना. म्हणून क्लोजरीझन, म्हणजे विंडो कशामुळे बंद होतेय ते, तपासा, युजरक्लोजिंग असेल तरच अडवा, विंडोजशटडाउन असेल तर जाऊ द्या. आणि एक गोष्ट हमखास नडते, तुमच्याच एक्झिट बटनावरून धिस डॉट क्लोज कॉल केलं तरी रीझन युजरक्लोजिंगच येतं! त्यामुळे नुसत्या रीझनवर भागत नाही, काम सुरू आहे का याचा एक बूल फ्लॅग ठेवा आणि दोन्ही खरं असेल तेव्हाच कॅन्सल करा, सोबत "सेव्ह होतंय, थोडं थांबा" असं लेबलवर दाखवा, नाहीतर युजरला वाटतं प्रोग्राम अडकला.

सेव्हचं काम यूआय थ्रेडवर (विंडो आणि बटनं सांभाळणारा थ्रेड) चालवू नका, असिंक अवेट वापरा. विंडो गोठली की विंडोज स्वतःच "प्रतिसाद देत नाही" म्हणून ती बंद करायला देतं, तेव्हा तुमचा इव्हेंट येतच नाही. टास्क मॅनेजरमधून एंड टास्क केलं तरी भरवसा नाही, म्हणून आधी टेंप फाइलमध्ये लिहा, पूर्ण झालं की मगच मूळ फाइलच्या जागी ठेवा.

आणि तो फ्लॅग फायनली ब्लॉकमध्येच (एक्सेप्शन आलं तरी चालतो तो) फॉल्स करा, मधे एक्सेप्शन आलं आणि फ्लॅग ट्रूच राहिला तर युजरला ती विंडो बंद करायचा साधा रस्ताच उरत नाही.