वर्डमध्ये आकृत्या-तक्त्यांचे क्रमांक आपोआप कसे घालावेत

‘आकृती ३’ हे हाताने टाइप केलं की मध्ये एक चित्र वाढताच पुढचे सगळे आकडे चुकतात. त्याऐवजी चित्रावर क्लिक करून ‘रेफरन्सेस’ टॅबमधलं ‘इन्सर्ट कॅप्शन’ (कॅप्शन म्हणजे चित्राची क्रमांक-शीर्षकाची ओळ) उघडा, ‘न्यू लेबल’मध्ये ‘आकृती’ लिहा आणि ओके करा. तक्त्यांसाठी वेगळं लेबल करा. त्यांची मोजणी स्वतंत्र चालते. ‘आकृती २-१’ असा प्रकरणनिहाय क्रमांक हवा असेल, तर आधी प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग १’ स्टाइल आणि तिला जोडलेलं मल्टिलेव्हल नंबरिंग (१, १.१ असे स्तरांचे आपोआप क्रमांक) हवंच.

खरी गफलत मजकुरात होते. ‘आकृती ३ पाहा’ यातला आकडाही त्याच टॅबमधल्या ‘क्रॉस-रेफरन्स’मधूनच (कॅप्शनच्या क्रमांकाशी जोडलेला संदर्भ) घाला, ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ निवडून. चित्र हलवलं तरी आकडे लगेच बदलत नाहीत. कंट्रोल-ए, मग एफ९ दाबा. आकडा तरीही जुनाच राहिला, तर ऑल्ट-एफ९ दाबून आकड्यांमागचे कोड बघा: जिथे कॅप्शनमध्ये ‘SEQ’ किंवा मजकुरातल्या संदर्भात ‘REF’ असा कोड दिसत नाही, तो आकडा हाताने टाइप केलेला आहे. मजकुरावर तरंगत्या चित्राचं कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये जातं आणि तिथली कॅप्शन कंट्रोल-ए मध्ये येत नाहीत, म्हणून चित्रं शक्यतो ‘इन लाइन विथ टेक्स्ट’च (मजकुराच्या ओळीतच) ठेवा. कॅप्शन पुसून नव्याने घातलं, तर जुने संदर्भ तुटतात आणि एफ९नंतर तिथे ‘एरर!’ उमटतं, पीडीएफ काढण्याआधी तो शब्द शोधाच.