प्रायोजित विद्यार्थ्यांना भेटायला पश्चिम केनियात जाताना

आधी शाळेचं वेळापत्रक मागवा, मग विमानाचं तिकीट काढा. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत वाटलेलं असतं. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षाची अखेर हा सुट्ट्यांचा काळ. नोव्हेंबरात केसीएसई ही माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा असते, तेव्हा फॉर्म 4 च्या, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या आणि शेवटच्या वर्षाच्या, मुलांकडे फिरकूच नये. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. हे सगळं वगळलं की जानेवारीची अखेर, फेब्रुवारी आणि जून-जुलै एवढेच सोयीचे दिवस उरतात. मला स्वतःला फेब्रुवारी पसंत आहे. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याचं काम केलं, आणि कोरड्या दिवसांच्या शेवटी विहीर किती खरी आहे ते कळतं.

आम्ही काही मित्र मिळून सियाया काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) मुलांची माध्यमिक शाळेची फी भरतो आणि त्याच भागातल्या पाणी समित्यांना थोडी मदत करतो. तिथे जाणाऱ्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगतो: आपण बघायला आणि ऐकायला जातो आहोत, वाटायला नाही. बाकीची तयारी यातूनच ठरते.

कागदपत्रं पटकन सांगतो. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावी लागते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. केनियाहून भारतात परतताना तो दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास मलेरिया भरपूर आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. सरोवराच्या पाण्यात पाय घालू नका, बिल्हार्झियाचा, म्हणजे पाण्यातल्या कृमींनी होणाऱ्या आजाराचा, धोका असतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, तेव्हा भेटवस्तू कापडी पिशवीत बांधा. नैरोबीहून किसुमूला विमानाने तासाभरात पोचता येतं, पुढे गाडी. गावातल्या शेवटच्या टप्प्याला बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, घ्यावी लागली तर हेल्मेट मागून घ्या.

शाळेत अचानक जायचं नाही. मुख्याध्यापकांची परवानगी तुमच्या स्थानिक संस्थेमार्फत आधी घ्या. पोचल्यावर पहिलं काम व्हिजिटर्स बुकात सही करणं. ही वही केनियात शाळेत असते, सरकारी कचेरीत असते, कधीकधी घरातही असते. नाव, गाव आणि दोन शब्दांचा अभिप्राय लिहायला पाच मिनिटं द्या. घाईत उरकलेली नोंद यजमानांना कळते. सभेची सुरुवात प्रार्थनेने होईल आणि तुम्हाला बोलायला उभं करतील. तीन मिनिटांत आटपा. मुलांचं, शिक्षकांचं, आयांचं नाव घेऊन आभार माना आणि कसलंही आश्वासन देऊ नका. गावच्या समित्या बैठकीचं इतिवृत्त नीट लिहून ठेवतात, आणि "पुढच्या वर्षी आणखी एक टाकी बघू" हे तुमच्या तोंडून सहज गेलेलं वाक्य तिथे ठराव म्हणून नोंदलं जातं.

फी भरणाऱ्याला ती कशाची असते हे माहीत हवं. दिवसा जाऊन येणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेसाठी सरकारी अनुदान दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 22,244 शिलिंग ठरलेलं आहे, तरी दुपारचं जेवण आणि गणवेश घरावर पडतो. वसतिगृहाच्या शाळेत राष्ट्रीय दर्जा असेल तर वर्षाला 53,554, बहुतेक बाकीच्यांत 40,535 शिलिंग अशी सरकारने ठरवलेली मर्यादा. त्यावर गादी, पत्र्याची पेटी, गणवेश, साबण. शाळेच्या कार्यालयात फीचा तक्ता आणि पावत्या मागायला संकोच करू नका. नीट चाललेल्या शाळेला त्याचा राग येत नाही. अभ्यासक्रमही सध्या बदलतो आहे. आठवीच्या शेवटी होणारी केसीपीई ही परीक्षा 2023 मध्ये शेवटची झाली, आणि 2024 मध्ये फॉर्म 1 ला गेलेली ती तुकडी 2027 मध्ये जुन्या पद्धतीची केसीएसई देईल. मागून येणाऱ्या मुलांची रचना वेगळी आहे. तुमचा विद्यार्थी कुठल्या गटात आहे ते आधी समजून घ्या, नाहीतर त्याच्याशी बोलताना धागाच सापडत नाही.

आता भेटीचा गाभा. मुलीला सगळ्यांसमोर उभं करून "तुला काय व्हायचंय?" विचारू नका. तिला पाठ असलेलं उत्तर मिळेल, डॉक्टर किंवा पायलट. झाडाखाली तीन खुर्च्या मांडायला सांगा: एक तिची, एक तुमची, एक तिच्या वर्गशिक्षकांची किंवा पालकांची. मोठ्या माणसाच्या नजरेआड मुलाला एकटं भेटायचं नाही. मग विचारा, कुठल्या विषयाच्या तासाला वेळ कसा गेला ते कळत नाही? सुट्टीत घरी पाणी कोण आणतं? रात्री वाचायला दिवा कसला? सौर कंदिलाची बॅटरी गेली आहे हे असल्याच प्रश्नातून कळतं, कुठल्याही अहवालात ते नसतं. गणित कच्चं असेल तर तेही विचारा, कारण विद्यापीठात थेट प्रवेशाला केसीएसईत सरासरी सी प्लस ही श्रेणी लागते, आणि त्याखाली राहिल्यास तंत्रशिक्षणाचा चांगला रस्ता आहे हे आधीच बोललेलं बरं. मग गप्प बसून तिला तुम्हाला प्रश्न विचारू द्या. ही वेळ लांबली तरी लांबू द्या, माझ्या मते अख्ख्या प्रवासातली सगळ्यात मोलाची हीच.

आईवडील कशाने गेले, हे कधीही विचारू नका. सियाया, किसुमू आणि होमा बे या काउंटींत एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. आजीकडे वाढलेल्या मुलाला तो प्रश्न अनोळखी माणसाकडून ऐकायचा नसतो. फोटोंचंही तसंच. 2019 च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायदा नसता तरीही चेहरा, नाव आणि शाळा एकत्र कुठे टाकू नये.

घरी बोलावणं आलं तर हात हलवत जाऊ नका. साखर, चहापत्ती, पाव, गव्हाचं पीठ, तेल, साबण ही तिथली रीतीची भेट. पैशांचं पाकीट नको, शेजारच्या घराशी वितुष्ट येतं. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी कळवा, कारण पाहुण्यासाठी कोंबडी कापण्यात त्या घराचा मोठा मान असतो आणि कापून झाल्यावर नकार देणं फार वाईट. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (पालेभाजी), घेवडा, चपाती यात शाकाहारी माणसाचं पोट छान भरतं.

पाण्याच्या प्रकल्पावर मात्र घाई करू नका. हातपंप बहुधा आफ्रिदेव जातीचा असेल. गावानेच दुरुस्त करावा म्हणून तो बनवलेला आहे, बहुतेक काम एका पान्यात होतं. पंप अर्धा तास कोणालाही वापरू देऊ नका, मग दांडा मारा. चार-पाच झटक्यांत पाणी आलं तर ठीक; दहा-बारा लागले तर खालचा व्हॉल्व गळतोय किंवा यू-सील, म्हणजे आतल्या दट्ट्याचं रबरी कडं, झिजलं आहे. मग 20 लिटरचा जेरीकॅन भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा आणि पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवा. ओट्याभोवती पाणी साचतंय का, गुरं तिथवर येतात का, तेही पाहा.

त्यानंतर खजिनदारबाईंची वही. दर घराची महिन्याची वर्गणी किती, किती घरं देतात, न देणाऱ्यांचं काय करतात? पंप शेवटचा कधी बंद पडला, किती दिवस बंद होता, सुटे भाग कुठून आणले? वहीत पैसे शिल्लक असतील आणि यू-सील कुठल्या दुकानात मिळतं हे दोघी-तिघींना सांगता आलं, तर तो प्रकल्प जिवंत आहे. नवा रंग आणि देणगीदाराच्या नावाची पाटी यावरून काहीच कळत नाही. उद्घाटनाच्या वर्षापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी जावं असं माझं ठाम मत आहे.

अनाथाश्रम दाखवायचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. केनिया सरकारने 2017 मध्ये अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली, आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आखलं आहे. पाहुण्यांची वर्दळ त्या मुलांच्या उपयोगाची नाही.

परतल्यावर आठवड्याच्या आत मुलांना पत्रं लिहा, फोटोंच्या छापील प्रती संस्थेकडे पाठवा आणि पंपाची मापं समितीला कळवा. फीची निम्मी रक्कम पहिल्याच सत्रात लागते, उरलेली 30 आणि 20 टक्के पुढच्या दोन सत्रांत. म्हणून जानेवारीत शाळा उघडण्याआधी पैसे थेट शाळेच्या खात्यात पोचवा, कारण फी थकली की मुलांना घरी पाठवतात आणि ते बुडालेले तास पुन्हा मिळत नाहीत.