कापूस घरात येण्यापूर्वीची आवराआवर

विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कापसासाठी वेगळे कोठार क्वचितच असते आणि वेचलेला माल भाव येईपर्यंत राहत्या खोलीतच पडून असतो; म्हणून सगळा पसारा हटवण्याचा अट्टाहास न धरता कापसाशेजारी काय ठेवायचे नाही, एवढे दसऱ्याआधी ठरवून घ्यावे.

सर्वप्रथम फवारणीचे सामान काढावे. फडताळात, खिडकीत, धान्याच्या कोठीमागे राहिलेल्या औषधांच्या अर्ध्या बाटल्या घराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात. रिकामे डबे कामी पडतात म्हणून जपण्याची खोड घरोघरी आहे, पण औषधाच्या डब्यांना भोके पाडावीत, म्हणजे त्यांत कोणी पाणी किंवा तेल भरणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हापासून मास्क आणि हातमोज्यांची चर्चा गावोगाव होते. फवारणीचा सदरा मात्र अजूनही मुलांच्या कपड्यांच्याच खुंटीवर लटकलेला दिसतो. त्याची खुंटी गोठ्यात ठोकावी.

मग खोली पाहावी. छत कुठे गळले, भिंतीला ओल कुठे आली, हे पावसाचे डाग वाळण्याआधीच खुणावून ठेवावे आणि सारवलेली जमीन पूर्ण वाळल्यावरच ताडपत्री अंथरावी, कारण हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याला भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवर माल परत पाठवतात. विजेचा बोर्ड, सैल जोडलेली वायर, देव्हाऱ्यातला दिवा आणि चूल यांच्यापासून कापूस लांब राहील अशी जागा निवडावी. बिडी ओढणाऱ्या पाहुण्याला ओसरीतच बसवावे, त्यात संकोच नको. कापसाच्या खोलीत झोपल्यास अंगाला खाज सुटते, हे सर्वांनाच ठाऊक आहे; तेव्हा गोधड्या आणि अंथरुणे दुसरीकडे हलवावीत, जागाच नसेल तर निदान पेटीत बंद करावीत. फाटकी प्लॅस्टिकची पोती आणि सुतळीचे तुकडे झाडून काढावेत, कारण त्यांचे धागे कापसात मिसळले की प्रत घसरते.

कागदांच्या बाबतीत मात्र झाडू आवरता घ्यावा. बियाण्यांची रिकामी पाकिटे, त्यांवरचे टॅग आणि दुकानाच्या पावत्या कचरा वाटतात, पण उगवणीची किंवा बोंडअळीची तक्रार करायची वेळ आली की तेच मागतात. त्यांची सातबारा आणि पासबुकासोबत एकच पिशवी करावी. तिफण, डवरे, जुना वखर भंगारवाल्याला देण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, दूर रचाव्यात, आणि पहिले गाठोडे टाकताना दार पूर्ण उघडेल एवढी जागा मोकळी सोडावी.