विशीतल्या पोट्टेहो, तिशीच्या आत एवढं करून ठेवा

माझा मावसभाऊ वर्ध्याहून अभ्यासासाठी नागपुरात येऊन दोन वर्षं झाली, वय 23. परवा त्याच्या रूमवर गेलो तर कूलरसमोर गादी, गादीवर लॅपटॉप, खिडकीत खर्र्याच्या (सुपारी-तंबाखू-चुना घोटून करतात तो) पन्न्या, आणि साहेब मला सांगून राहिले, "दादा, आता काय वाढायचं राहिलं, जे आहे ते हेच." म्हटलं थांब बे. सरकार 18 ला मत द्यायला लावते पण आमदारकीला उभं राहायला 25 लागतात, आणि खरं सांगू, शरीराचा हिशोबही थोडाफार तसाच आहे, सगळं एका दिवशी तयार होत नाही.

आधी हाडं. उंची थांबली म्हणजे हाडं थांबली असं नाही, त्यात भर पडणं साधारण तिशीपर्यंत चालू राहते, नंतर खात्यातून फक्त काढायचंच असते, पीएफसारखं समजा. मग भर कशी टाकायची? सायकल दमासाठी मस्त पण हाडांवर भार यायला पाय जमिनीवर आपटले पाहिजे, म्हणजे धावणं, दोरीच्या उड्या, जिना. आठवड्याला 150 मिनिटं जरा दम लागेल असं काहीही, आणि दोन दिवस दंड-बैठका नाहीतर वजनं. मे महिन्यात 45 डिग्रीत हिरोगिरी करू नका, सकाळी साडेपाचला अंबाझरी तलावावर पोहोचा, सातच्या आत घरी. खाण्यात दूध-दही, तीळ, नाचणी. महाग काहीच नाही.

आणि खर्रा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्याकडे याला कोणी व्यसनच समजत नाही, "दिवसाला एकच असतो" म्हणतात. नुसती सुपारी असली, तंबाखू नसला, तरी तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणंच कमी होत जाते, गेलेलं सहसा पूर्ण परत येत नाही. आत्ता करून पाहा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधात घाला. जातात? बरं. नाही जात, किंवा तिखट खाल्लं की आग होते, तर गूगल नका करत बसू, डेंटिस्टकडे जा, नागपुरात मेडिकल कॉलेजजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे. भावाची दोनच गेली. तिसरं बोट घालता घालता त्याचा चेहरा जो उतरला ना, माझं भाषण तिथंच संपलं, दुसऱ्या दिवशी केसपेपर काढायला सोबत गेलो.

आता डोकं. कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो पुढचा विचार करते आणि ब्रेक लावते, तो पंचविशीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे पक्का होत राहते. म्हणजे पोट्टे बिनडोक असतात असं नाही, शांत बसवून विचारलं तर बरोबरच सांगतात, पण रात्रीचे बारा वाजलेत आणि मागं तीन दोस्त बसलेत तर तोच पोट्टा गाडी 100 वर नेते. म्हणून नियम आधी, दिवसाढवळ्या ठरवून टाका: रात्री दहानंतर राजीनामा नाही, ईएमआय नाही, ब्रेकअपचा मेसेज नाही. सकाळीही तसंच वाटलं तर करा ना, कोण अडवते. आणि झोप सात तास, त्यात तडजोड नाही.

विल्यम पेरी नावाच्या माणसानं हार्वर्डच्या पोरांच्या मुलाखती घेतल्या होत्या, 1950-60 च्या काळात. त्याला दिसलं की पोरं सुरुवातीला बरोबर-चूक असं दोनच पाहतात, मग "सगळ्यांचंच आपापल्या जागी बरोबर" वर येतात, आणि शेवटी हे सगळं माहीत असूनही एक बाजू स्वतः निवडतात. याची प्रॅक्टिस घरीच होते. बाबांशी ज्या गोष्टीवर वाजते ती घ्या आणि त्यांची बाजू वहीत अशी लिहा की त्यांनी वाचून म्हटलं पाहिजे, हो, मी हेच म्हणत होतो. भावाला यात तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी फक्त "बाबांना कळत नाही" एवढंच लिहिलं होतं 😄

राहिले दोस्त. एरिक एरिक्सन नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणत होता की या वयाचा मोठा प्रश्न जवळीक की एकटेपणा हा आहे, आणि जवळीक म्हणजे फक्त लग्न नाही बरं का, मावशी काहीही म्हणो. कॉलेजात दोस्ती आपोआप होते कारण रोज एकाच कट्ट्यावर बसता, नंतर अर्धे पुण्याला जातात आणि "भेटू कधीतरी" सुरू होते. कधीतरी म्हणजे कधीच नाही. वार ठरवा, वेळ ठरवा, जागा ठरवा, ग्रुपवर विचारू नका, सांगा: रविवार, साडेसात, तर्री पोहे, मी येऊन राहिलो. पहिले दोन रविवार कोणी नाही आलं तरी तुम्ही जा, खाऊन या, ग्रुपवर प्लेटचा फोटो टाका. तिसऱ्या रविवारी एखादा येतेच, उशिरा येते, तोंड न धुता येते. त्याच्यासाठी तर्री आधीच मागून ठेवा, नंतर पातळ होते.