सोयाबीन पेरायचं, पण हरभरा डोक्यात ठेवून

सोयाबीननंतर त्याच रानात कोरडवाहू हरभरा घ्यायचा असेल, तर त्याचा हिशेब मे महिन्यातच मांडायला हवा. हा हरभरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला, तरच जमिनीतल्या ओलीवर निघतो. आता उलटं मोजा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेलं १०० ते १०५ दिवसांचं फुले संगम हे सोयाबीनचं वाण ऑक्टोबरातच काढणीला येतं. वर मळणी आणि रानाची तयारी, तोवर ओल उडालेली. ८५ ते ९० दिवसांचं जेएस ९३०५ हे वाण घेतलं, तर दोनेक आठवडे हाताशी राहतात. फुले संगमचा उतारा चांगला, हे खरं. पण ते विहिरीला पाणी असणाऱ्यानं घ्यावं, असं माझं मत. शेजाऱ्यानं काय आणलं ते बघून वाण उचलायची आपली रीत इथंच नडते.

वाण ठरलं की घरच्या बियाण्याच्या पोत्यांकडे वळा. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, म्हणजे फुलाला त्याचाच पराग लागतो आणि वाणात भेसळ होत नाही, त्यामुळे चांगलं राखलेलं बियाणं तीन वर्षं चालतं. दर साली नव्या पिशवीची गरज नाही. मात्र दाण्याची साल नाजूक, पोती आपटली की उगवण गेली. म्हणून तपासणी कराच. प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून मिसळा आणि त्यातले १०० मोजा. चांगले चांगले निवडायचे नाहीत, स्वतःलाच फसवाल. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सातव्या दिवशी फक्त सशक्त कोंब मोजा.

७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर ३० किलोत अडीच लाख दाणे बसतात. ७० टक्क्यांनी पावणेदोन लाख झाडं होतात आणि दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर साधारण तेवढीच लागतात. ६५ उगवले तर ३२-३३ किलो घ्या. ६० च्या खाली गेलं, तर ते बियाणं सरळ बाजार दाखवा.

बीजप्रक्रियेचं सामानही आत्ताच आणून ठेवा, ऐन पेरणीत दुकानात मिळेलच असं नाही. आधी बुरशीनाशक. रायझोबियम (हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धक शेवटी, पेरणीच्या काही तास आधी, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. मग सावलीत सुकवा.

तयारी झाली म्हणून पहिल्या वळवावर तिफण जुंपू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावर, म्हणजे चिखल न होता ओल टिकून असताना, ३ ते ५ सेंटिमीटर खोल पेरा. त्यापुढं बी जाऊ देऊ नका.

विकतचं बियाणं असेल, तर पावती, पिशवी, तिचं लेबल आणि मूठभर दाणे काढणी होईपर्यंत जपा. उगवण फसली, तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करताना हेच मागतात.