द्राक्षातले फवारणीच्या औषधांचे रेसिड्यू (उरलेले अंश) कसे तपासायचे, कमी कसे करायचे

पहिली गोष्ट, द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका थर दिसतो ना, बोट लावलं की पुसला जातो तो, ते औषध नाही. तो फळाचा स्वतःचा मेणाचा थर असतो आणि तो असणं ताज्या मालाची खूण आहे. खरे रेसिड्यू डोळ्याला दिसत नाहीत, वासानेही कळत नाहीत, लॅबमधेच कळतात.

बाग असेल तर सुरुवात फवारणीच्या आधीच करा. प्रत्येक औषधाच्या लेबलवर किंवा आतल्या माहितीपत्रकात शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे ते दिलेलं असतं, त्यालाच पीएचआय म्हणतात. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या घाईत लोक दुकानदाराला विचारून डोस ठरवतात आणि हे दिवस कोणी बघतच नाही, इथेच सगळं बिघडतं. वहीत तारीख, औषधाचं नाव, त्यातला घटक आणि डोस लिहून ठेवा, कारण कंपनीची नावं वेगळी असली तरी आत घटक एकच असतो आणि नकळत तोच परत मारला जातो.

मग सॅम्पल. एकाच वेलीचे घड तोडून देऊ नका, बागेत फिरून वेगवेगळ्या ओळीतले, कडेचे आणि मधले, वरचे आणि खालचे असे थोडे थोडे घ्या, धुवू नका, स्वच्छ पिशवीत भरून प्लॉट आणि तारीख लिहा आणि गार ठेवून लवकर पोचवा. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची बघा. तिथे मणी वाटून त्यातून द्रावकाने औषध बाहेर काढतात आणि मशीनवर मोजतात. आकडा मिलिग्रॅम प्रति किलोमधे येतो. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे ती ०.०१ धरतात, म्हणजे शंभर किलो द्राक्षात एक मिलिग्रॅम!

रिपोर्ट हातात आला की आधी कोणकोणते घटक तपासलेत ती यादी वाचा, कारण जे शोधलंच नाही ते रिपोर्टमधे येणारच नाही. २०१० साली हेच झालं. फुटींची वाढ आवरायला आपल्याकडे सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, वापरायचे, ते युरोपात तपासणीत सापडलं आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं. म्हणून वहीतले सगळे घटक लॅबला सांगा, छाटणीनंतर महिन्यांपूर्वी मारलेलेसुद्धा.

आता घरी. वाहत्या पाण्याखाली घड नीट चोळून धुवा, साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको. एक लिटर पाण्यात साधारण दोन छोटे चमचे खायचा सोडा टाकून १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि परत साध्या पाण्याने धुवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मधे सफरचंदांवर हे करून बघितलं होतं, तेव्हा दोन औषधं सालीवरून चांगली निघाली, पण सालीच्या आत मुरलेलं राहिलंच. द्राक्ष तर आपण सालीसकट खातो, आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसातून आत जातात, ती कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाहीत. त्यामुळे बागेतून थेट घेणार असाल तर भावाआधी एक विचारा, दादा शेवटची फवारणी कधी झाली, कशाची, आणि त्याचा पीएचआय किती दिवसांचा होता?